बेसिनच्या वरची फट

माझी ताई व्हीलचेअर वापरते. मणक्याला इजा झाल्यापासून तिला कमरेखाली संवेदना नाही आणि पोटापाठीचे स्नायूही पूर्वीसारखी साथ देत नाहीत. तिच्या बाथरूममध्ये नवं बेसिन बसवून सहाएक महिने झाले असतील, तेव्हा मला त्याच्या मागे एक काळी रेघ दिसली. बेसिनची वरची कड टाइलपासून सुटली होती. व्हिजिटिंग कार्ड त्या फटीत सहज आत गेलं. खालच्या कडेला मात्र तेच कार्ड शिरेना, तिथे बेसिन टाइलला घट्ट टेकलेलं होतं. प्लंबरने फटीत पांढरं सिमेंट भरलं, महिन्याभरात फट परत आली. मग त्याने जास्त जाड बोल्ट घातले. "ताई, आता हत्ती बसला तरी हलायचं नाही," म्हणाला. तेही हललं.

फट वरच का पडते, खाली का नाही? मला हा प्रश्न सुटेपर्यंत चैन पडेना.

आपली साधी समजूत अशी असते की बेसिन खाली घसरू पाहतं आणि खुंटीने पिशवी धरावी तसं बोल्ट त्याला धरून ठेवतात. पण घसरण हीच अडचण असती तर बेसिन भिंतीला चिकटूनच खाली सरकलं असतं. फट फक्त वर पडली, याचा अर्थ बेसिन पुढे कलंडत होतं. खिळा उपटताना आपण काय करतो ते आठवून बघा. हातोडीच्या मागच्या फाट्यात खिळ्याचं डोकं अडकवतो, हातोडीचं डोकं लाकडावर टेकवतो आणि लांब दांडा ओढतो. हाताने इंचभरही न हलणारा खिळा अलगद बाहेर येतो. भिंतीवरचं बेसिन ही हुबेहूब तीच हातोडी आहे. पुढची कड म्हणजे दांडा, भिंतीला टेकलेली खालची मागची कड म्हणजे टेकू आणि बोल्ट म्हणजे खिळा.

शाळेतला तरफेचा नियम इथे पुरतो. जोर गुणिले टेकूपासूनचं अंतर, हा गुणाकार दोन्हीकडे सारखा असावा लागतो. समजा बेसिन १५ किलोचं आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य भिंतीपासून २५ सेंटिमीटरवर आहे. बोल्ट खालच्या टेकूपासून १० सेंटिमीटर उंच आहेत. नुसत्या बेसिनचा गुणाकार झाला ३७५. त्याला १० ने भागलं की दोन्ही बोल्टांवर मिळून साधारण ३८ किलोची ओढ येते. हे काहीच नाही. आता ५५ सेंटिमीटर पुढे असलेल्या कडेवर कुणीतरी ५० किलोचा भार टाकला. त्याचे २,७५०, आधीचे ३७५, एकूण ३,१२५. भागिले १०, म्हणजे ३१२ किलो! दोन बोल्ट असतील तर प्रत्येकाला दीडशे किलोहून जास्त जोराने भिंतीतून बाहेर खेचलं जातंय. तेही भार सावकाश टाकला तर. तोच भार एकदम पडला, तर क्षणभरासाठी परिणाम दुप्पट होतो. तोल जाताना माणूस हात सावकाश टेकवत नाही.

सगळ्यात अवघड गोष्ट पुढेच आहे. साधं बेसिन ४० सेंटिमीटर पुढे येतं आणि त्याची पाठ चांगली उंच असते. बोल्ट टेकूपासून १५ सेंटिमीटर वर असले आणि गुरुत्वमध्य भिंतीपासून १८ सेंटिमीटरवर असला, तर त्याच ५० किलोंना एकूण ओढ दीडशे किलोच्या आसपास येते, जवळपास निम्मी. व्हीलचेअरसाठीच्या बेसिनला मात्र गुडघे खाली जायला हवेत म्हणून ते उथळ असतं, आणि तोंड नळापर्यंत पोचावं म्हणून जास्त पुढे आलेलं असतं. म्हणजे दांडा लांबला आणि टेकू खिळ्याच्या जवळ आला. खालचा खांबही काढून टाकलेला असतो. आणि या बेसिनवर भारही जास्त पडतो. उभा माणूस पायांवर तोल सांभाळतो. धडाच्या स्नायूंत जोर नसलेला माणूस कोपर कडेवर टेकवल्याशिवाय दोन्ही हातांनी तोंडच धुऊ शकत नाही. खुर्ची आत ओढायची तर ताई कडच धरते. बराच वेळ बसून त्वचेवर आलेला दाब सोडवायला हातांवर शरीर उचलावं लागतं, तेव्हाही समोर ती कडच असते. "बेसिनवर भार देऊ नका" असं सांगण्यात अर्थ नाही. बाजूला वेगळा, पक्का धरदांडा हवाच, पण बेसिनही भार येणार हे धरूनच बसवायला हवं. युरोपीय मानकात भिंतीवरच्या बेसिनची चाचणी दीडशे किलोंच्या भाराने करतात ती उगाच नाही. मात्र ती परीक्षा बेसिनची झाली. आपल्या भिंतीची परीक्षा कारखान्यात कुणी घेतलेली नसते.

जाड बोल्ट घालूनही उपयोग का झाला नाही? कारण बोल्ट तुटतच नव्हता. आर्टूर फिशर या जर्मन संशोधकाने १९५८ मध्ये प्लॅस्टिकचा पसरणारा प्लग, म्हणजे आपली गट्टी, तयार केला. स्क्रू आत गेला की गट्टी फुगते, भोकाच्या कडांवर दाबली जाते, आणि त्या दाबातून जे घर्षण तयार होतं तेच स्क्रूला धरून ठेवतं. बोल्ट खाली दाबला जातो तेव्हा तो विटेला चिरडू पाहतो, आणि वीट दाबाला भक्कम असते. बाहेर खेचला जातो तेव्हा सगळी मदार घर्षणावर आणि विटेच्या ताण सोसण्याच्या ताकदीवर असते. वीट असो की काँक्रीट, ही ताकद दाब सोसण्याच्या ताकदीच्या साधारण एकदशांशच भरते. काँक्रीटमध्ये खोल गेलेला अँकर, म्हणजे आत रुतवलेला बोल्ट, जोराने खेचला तर तो स्वतःबरोबर काँक्रीटचा शंकू उपटून आणतो. या शंकूची ताकद खोलीच्या दीडाव्या घाताने वाढते. खोली दुप्पट केली तर ताकद २.८ पट होते. बोल्टाच्या जाडीने इतका फरक पडत नाही.

ताईच्या भिंतीतली गट्टी मी हातात घेऊन बघितली. लांबी ५० मिलिमीटर. टाइल आणि गिलावा मिळून ३० मिलिमीटर. म्हणजे विटेत होती फक्त २० मिलिमीटर, आणि तिथल्या भोकातून बोटावर लाल भुगा येत होता. गट्टीच्या पाकिटावर किलोंचे मोठमोठे आकडे छापलेले असतात. असे आकडे बहुधा भरीव काँक्रीटमधले असतात. पोकळ विटेला किंवा हलक्या फुगीर ब्लॉकला ते लागू नाहीत. तसंच सिलिकॉनचं. सिलिकॉन पाणी अडवतं, बेसिन धरत नाही. "काहीही चिकटवतो" म्हणून विकला जाणारा गोंद तर इथे सरळ धोका आहे, कारण गोंदाचा थर असा कडेपासून सोलला जातो तेव्हाच सर्वांत दुबळा असतो, आणि फट कडेपासूनच सुरू होते.

मग करायचं काय? भरीव विटेत खोल भोक पाडून, ते फुंकून आणि ब्रशने साफ करून रासायनिक अँकर भरता येतो, म्हणजे भोकात घट्ट होणारी राळ भरून तिच्यात बोल्ट बसवायचा. ही राळ विटेच्या खडबडीत अंगात मुरते आणि भोकाला आतून ताणत नाही. भोक साफ न करता राळ भरली तर ती धुळीला चिकटते, विटेला नाही. पोकळ विटेत त्यासाठी जाळीची नळी लागते. भिंत दुबळी असेल तर बोल्ट आरपार नेऊन पलीकडे रुंद लोखंडी पट्टी लावावी. जिप्समच्या भिंतीत मात्र आत पोलादी चौकट हवी, जिचे पाय जमिनीला बांधलेले असतात.

पण मला सगळ्यात आवडलेला उपाय भूमितीचा आहे. ओढ कमी करायची तर टेकू खाली न्यायचा. बेसिनखाली त्रिकोणी कंस, म्हणजे ब्रॅकेट, लावला आणि त्याचं खालचं टोक वरच्या बोल्टापासून ३० सेंटिमीटर खाली भिंतीला टेकवलं, तर ३,१२५ भागिले ३० म्हणजे १०४ किलो. ओढ एक तृतीयांशावर आली! यावर लगेच शंका येते की कंस गुडघ्यांच्या आड येईल. इथेच बसलेल्या माणसाचा आकार कामी येतो. मांडी आडवी असते, पण नडगी खाली उतरते आणि गुडघ्यापुढे भिंतीकडे फक्त पावलं जातात. अमेरिकेच्या २०१० च्या सुगम्यता मानकात हे मापाने दिलं आहे. पुढच्या कडेपासून २०५ मिलिमीटर आतपर्यंत ६८५ मिलिमीटर उंची मोकळी हवी, तिथून ही उंची उतरत २८० मिलिमीटर आत २३० वर आली तरी चालते. त्यापुढे फक्त पावलांपुरती जागा. बेसिन ५५० मिलिमीटरचं असेल तर भिंतीलगतचे २७० मिलिमीटर, पावलांच्या वर, रिकामेच राहतात. कंसाचा वरचा हात लांब आणि चपटा ठेवायचा, तिरपा टेकू त्या रिकाम्या पट्ट्यात बसवायचा. पायाचा उतार आणि कंसाचा उतार एकमेकांशेजारी एकाच दिशेने, भिंतीकडे, उतरतात.

त्याच पट्ट्यात सांडपाण्याचा ट्रॅप, म्हणजे बेसिनखालची वळलेली नळीही, मागे सरकवून भिंतीलगत घेता येतो. गरम पाण्याच्या नळीला वेष्टण मात्र हवंच. संवेदना नसलेल्या पायाला नळी टेकली तर भाजल्याचं कळत नाही, फोड आल्यावरच दिसतं.

ताईकडे आता असे दोन कंस आहेत, राळेत बसवलेल्या चार बोल्टांवर. बेसिन आणि बोल्टांच्या नटांमध्ये रबरी वायसर आहेत, कारण चिनी मातीला पाना जास्त फिरवलेला सोसत नाही, भोकाच्या कडेपासून तडा जातो. तिच्याकडे गेले की मी पहिल्यांदा तेच जुनं व्हिजिटिंग कार्ड बेसिनच्या वरच्या कडेला लावून बघते. ती कोपर टेकवून, पूर्ण भार देऊन, दोन्ही हातांनी तोंडावर पाणी मारत असते, आणि कार्ड आत जात नाही.