आलेखसाधनाचे दस्तऐवजीकरण (एआय एजंटांसाठी)

आकड्यांवरून आलेख काढून देणाऱ्या संगणकीय साधनाची माहिती एआय एजंटाला, म्हणजे सांगितलेले काम साधने वापरून स्वतःच पार पाडणाऱ्या संगणकीय प्रणालीला, वापरता येईल अशा रीतीने लिहून ठेवण्याचे काम. साधनाचे नाव, ते केव्हा वापरावे व केव्हा टाळावे, त्याला कोणती माहिती कोणत्या साच्यात द्यावी, परत काय मिळते आणि चूक झाल्यास कोणता संदेश येतो, एवढे यात येते. माणसासाठीच्या मदतपुस्तिकेपेक्षा हे लेखन वेगळे पडते, कारण इथला वाचक अडला तरी बहुधा विचारत नाही. राहिलेली जागा अंदाजाने भरून पुढे जातो.

उगम : याविषयी दोन मते आढळतात. एका मतानुसार याचे मूळ नोव्हेंबर १९७१ मधील युनिक्स या संगणक कार्यप्रणालीच्या पहिल्या मार्गदर्शिकेत आहे. प्रत्येक आज्ञेचे नाव, रूप, वर्णन व दोष ठरावीक क्रमाने मांडण्याची शिस्त तिच्यात दिसते. दुसरे मत हा प्रकार बराच अलीकडचा मानते. जून २०२३ मध्ये ओपनएआय या कंपनीने आपल्या भाषा-प्रारूपांना (मॉडेलांना) बाहेरील कार्ये (फंक्शन) वर्णनासह देण्याची सोय केली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल (साधने प्रारूपांना जोडण्याची ठरावीक पद्धत) जाहीर केला. या प्रोटोकॉलमध्ये साधनाचे नाव, वर्णन व निविष्टीचा (द्यायच्या माहितीचा) साचा यंत्राला थेट वाचायला मिळतो. युनिक्सची मार्गदर्शिका अखेर माणसाने वाचावी म्हणूनच लिहिली होती. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. आलेखांपुरता मात्र आणखी एक धागा जोडावा लागतो. लेलंड विल्किन्सन यांनी १९९९ मध्ये आलेखाचे ‘व्याकरण’ मांडले. चिन्ह, अक्ष व मोजपट्टी हे घटक सुटे करून सांगण्याची ही रीत व्हेगा-लाइटसारख्या आलेखसाधनांनी जेसन या यंत्राला वाचता येणाऱ्या मजकुराच्या साच्यात आणली. आलेख अशा घटकांत सांगता येऊ लागला, म्हणूनच तो एजंटाला लिहिता येतो.

परिभाषा : मराठीत ‘तक्ता’ म्हणजे रकाने-ओळींची मांडणी, आणि भिंतीवरचा चार्टही तक्ताच. ‘पावसाचा तक्ता काढ’ एवढ्यावर एजंट यांपैकी काहीही देऊ शकतो. बडोद्यात मराठी व गुजराती कागद शेजारी शेजारी नांदतात. तेथे दोन्ही भाषांत चालणारे ‘आलेख’ व ‘कोष्टक’ हे शब्द वर्णनात ठेवणे सोयीचे. १९३१ मध्ये बडोदे संस्थानाने प्रसिद्ध केलेल्या श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरूत एकेका इंग्रजी शासकीय शब्दासमोर मराठी, गुजराती, संस्कृत इत्यादी भाषांतील प्रतिशब्द मांडलेले आहेत. साधनाच्या दस्तऐवजाला जोडायची शब्दसूची याच धर्तीची असावी.

एकक व अक्ष : सर्वांत जास्त चुका येथे होतात. पावसाळ्यात बडोद्यात विश्वामित्री नदीची आणि आजवा सरोवराची पातळी एकत्रच सांगितली जाते, दोन्ही फुटांत. नदी पंचवीस फुटांपुढे गेली की शहर धास्तावते. ऑगस्ट २०२४ च्या पुरात ती ३५ फुटांच्याही वर गेली होती. आजव्याचा आकडा मात्र २१० फुटांच्या आसपास असतो, कारण दोन्ही मापांचे शून्य एक नाही. एजंट दोन्ही रकान्यांवर ‘फूट’ पाहतो व एकाच अक्षावर दोन रेषा काढतो. नदीची रेषा तळाशी चपटी होते आणि पूर दिसेनासा होतो. ‘एकक सारखे असले तरी मापाचा आधार वेगळा असल्यास स्वतंत्र आलेख काढावेत’ हे वाक्य वर्णनात हवेच. स्तंभालेखाचा अक्ष शून्यापासून सुरू व्हावा, रेषालेखाला ते बंधन नाही, हेही लिहून ठेवावे.

देवनागरी : ‘विश्वामित्री’ हा शब्द चाचणीसाठी उत्तम आहे. युनिकोड या अक्षरसंकेतात ऱ्हस्व इकार ‘व’नंतर साठवला जातो, पण दिसतो आधी, शिवाय श्व व त्र ही जोडाक्षरे आहेत. अक्षरजुळणी न करणारे साधन इकार भलत्या जागी टाकते आणि पाय मोडलेली अक्षरे सुटी छापते. एजंटाला मात्र ‘आलेख तयार’ एवढेच उत्तर मिळते, चित्र तो पुष्कळदा पाहतही नाही. म्हणून कोणता फाँट उपलब्ध आहे आणि जुळणी होते की नाही, हे दस्तऐवजात स्पष्ट असावे. एसव्हीजी या रेषांच्या वर्णनावर आधारलेल्या चित्रात मजकूर मजकूर म्हणूनच राहिला, तर ही जुळणी पाहणाऱ्याच्या यंत्रावर होते; पीएनजी या ठिपक्यांच्या चित्रात ती आधीच होऊन गेलेली असते.

अंक : जेसनमध्ये संख्या म्हणून देवनागरी अंक चालत नाहीत. ‘१,५०,०००’ हा तेथे मजकूर ठरतो. आकडे इंग्रजी अंकांत (0 ते 9), स्वल्पविरामाविना द्यावेत. लाख-कोटींची विभागणी व देवनागरी अंक केवळ अक्षावरील लेबलांसाठी मागावेत.

त्रुटिसंदेश : हाही दस्तऐवजाचाच भाग. ‘माहिती अवैध’ असा संदेश आल्यावर एजंट तीच चूक पुन्हा करतो. ‘पातळी या रकान्यात १४ व्या ओळीत संख्या हवी, मजकूर आला’ असे म्हटले, तर तो तेवढीच ओळ दुरुस्त करतो.