मूठ कशाची, पातं कसलं आणि फोटोत काय पाहायचं?

हातघडणीची सुरी मागवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

"सांबरशिंगाची मूठ लावून द्याल का?" अशी विचारणा आमच्याकडे वरचेवर होते. उत्तर एकच: नाही, कितीही पैसे देऊ केलेत तरी नाही.

हौस आम्ही समजू शकतो. एके काळी भारतातून गेलेल्या सांबरशिंगाच्या मुठी इंग्लंडमधल्या शेफील्डच्या सुऱ्यांवर चढत असत, आणि अशा जुन्या सुऱ्या खरोखर देखण्या आहेत. ते शिंग म्हणजे मुळात हाड, वरची साल खडबडीत, त्यामुळे ओल्या हातातही मूठ सटकत नाही. उत्तर युरोपात पाळीव रेनडिअरच्या शिंगाच्या मुठी आजही होतात. फिनलंडच्या पूक्को सुरीलाही काही वेळा अशी मूठ असते. आपल्याकडे मात्र वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू आहे. सांबर, चितळ, काळवीट, गवा यांच्या शिंगांची खरेदी-विक्री करता येत नाही. सांबर-चितळांची शिंगं दरवर्षी गळतात, हे खरं. पण गळालेलं शिंगही जंगलातून उचलून आणता येत नाही. ते तिथे वायाही जात नाही. साळिंदरं ती शिंगं कुरतडून आपली कॅल्शियमची गरज भागवतात.

काही जण घरातली, आजोबांच्या काळची शिंगं घेऊन येतात. त्यांचं मालकी प्रमाणपत्र असेल तर ते जपून ठेवा, नसेल तर वनविभागाच्या कार्यालयात चौकशी करा. आमच्याकडे ती कापायला आणू नका. परदेशातून आणलेलं शिंगही आम्ही लावत नाही. घासून, पॉलिश होऊन ते मुठीत बसलं की कोणत्या जनावराचं, हे नुसतं पाहून खात्रीने सांगता येत नाही, आणि उद्या कुणी विचारलं तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. बाजारात "अस्सल सांबरशिंग" म्हणून सुरी कुणी दाखवलीच, तर ते खरं असेल तर बेकायदा आहे आणि खोटं असेल तर तुम्ही रंगवलेल्या प्लॅस्टिकचे पैसे देताय.

आम्ही काय लावतो

म्हशीचं शिंग. हे दरवर्षी गळत नाही आणि ते हाडही नाही; आपली नखं ज्या केराटिनची असतात त्याचंच ते बनलेलं असतं. बुडाकडे पोकळ आणि टोकाकडे भरीव. मुठीला आम्ही टोकाकडचा भरीव तुकडा घेतो. कापलेले तुकडे महिनोन्‌महिने सावलीत वाळवतो, कारण ओलं शिंग बसवलं तर पुढे आक्रसून शेंबीपाशी (मुठीच्या तोंडाशी बसणाऱ्या धातूच्या कड्यापाशी) फट पडते. घासताना घाई केली की ते तापतं, केस जळल्याचा वास सुटतो आणि थर सुटायला लागतात. म्हणून शेवटची घासाई हाताने, पाण्यातल्या पॉलिश पेपरवर. भोक पाडून त्यात पात्याचा मागचा दांडा बसवतो. पूर्वी इथे लाख भरत. लाख उन्हाने मऊ पडते, म्हणून आम्ही इपॉक्सी, म्हणजे घट्ट होऊन कडक होणारा गोंद, भरतो. तोंडाशी पितळेची शेंबी.

रंग कोणत्याही दोन मुठींचा सारखा येत नाही. कुठे गडद काळा, कुठे राखाडी, कुठे मधासारखी पिवळट रेघ. रेघ असलेले तुकडे कमी मिळतात, पण म्हणून ते जास्त टिकाऊ असतात असं नाही. त्यासाठी आम्ही जादा दर लावत नाही. जनावराची कोणतीच वस्तू नको असेल तर ऑर्डर देतानाच सांगा, शिसवीची किंवा बाभळीची मूठ करून देऊ. ती कामाला तेवढीच पक्की असते.

पात्याबद्दल थोडक्यात: बेअरिंगसाठी वापरतात ते ईएन-३१ पोलाद. भट्टीत तापवून ऐरणीवर घडवतो, घासतो, मग साधारण ८४० अंश सेल्सिअसला तापवून, तेलात बुडवून पाणी देतो, म्हणजे झटकन थंड करून कडक करतो. या टप्प्यावर पातं काचेइतकं ठिसूळ असतं. म्हणून २०० अंशांच्या आसपास दोन-दोन तास, दोनदा शेकतो. धार तुटत नाही ती या शेकण्यामुळे.

फोटो आम्ही कसे काढतो

आमचे बहुतेक ग्राहक सुरी हातात न घेता, फोटो पाहून पसंत करतात. म्हणून फोटो हा आम्ही कामाचाच भाग मानतो.

पॉलिश केलेल्या पात्यात समोरचं सगळं उमटतं: छत, ट्यूबलाइट, फोटो काढणाऱ्याचा शर्ट. त्यामुळे आम्ही फ्लॅश मारत नाही. उत्तरेकडच्या खिडकीला बटर पेपर लावतो आणि सुरीच्या दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करतो. त्या पुठ्ठ्याचं प्रतिबिंब पात्यात आलं की पातं टोकापासून शेंबीपर्यंत एकसारखं उजळ दिसतं. असा फोटो छान दिसतो, पण त्यात ओरखडे लपतात. म्हणून तेवढ्यावर आम्ही थांबत नाही. पुठ्ठा काढतो, उजेड पात्याला जवळजवळ समांतर पडेल असा तिरपा घेतो आणि पुन्हा काढतो. आता हातोडीचा प्रत्येक ठसा, घासाईची प्रत्येक रेघ उठून दिसते. पसंती या दुसऱ्या फोटोवरून करा.

तिसरा फोटो पात्याच्या पाठीचा, म्हणजे धारेच्या विरुद्ध कडेचा, सुरी उभी धरून. पातं सरळ आहे का, मुठीकडून टोकाकडे जाडी हळूहळू उतरते का, हे त्यातच कळतं. सुरी विकत घेताना, मग ती कुणाकडूनही घ्या, हा फोटो आवर्जून मागा.

काळं शिंग कॅमेऱ्याला फसवतं. समोर सगळं काळं दिसलं की कॅमेरा उजेड वाढवतो आणि मूठ धुरकट राखाडी दिसते. फोनवर मुठीवर बोट टेकवून सूर्याची खूण थोडी खाली ओढली की खरा काळा रंग येतो. शिंगावर चमक फार येत असेल तर पोलरायझर फिल्टरने ती कमी होते. पात्यावरची चमक त्याने जात नाही, ती उजेडाची दिशा बदलूनच आवरावी लागते. मुठीत फिकट रेघ असेल तर मागून दिवा धरून आणखी एक फोटो काढतो. फिकट शिंगातून उजेड आरपार येतो आणि आत चीर असेल तर ती काळी रेघ म्हणून दिसते.

प्रत्येक सुरीशेजारी स्टीलची फूटपट्टी असते. फोन जवळ नेऊन काढलेल्या फोटोत पुढचा भाग वाजवीपेक्षा मोठा दिसतो, म्हणून आम्ही मागे सरून दुप्पट झूमवर काढतो. फोटोवर रंगाचं काम करत नाही, रेघा पुसत नाही. हे फोटो पाहून तुम्ही होकार कळवलात की मगच बाकीची रक्कम घेतो.

सुरी घरी आल्यावर

हे पोलाद गंजतं. लिंबू, चिंच, कोकम कापल्यावर लगेच धुऊन कोरडं करा. पात्यावर निळसर-राखाडी छटा आली तर घाबरू नका, ती चांगली. तांबूस डाग दिसला तर तो गंज. सुरी पाण्यात भिजत ठेवू नका, डिशवॉशरमध्ये तर मुळीच नको. चामड्याच्या म्यानात कायमची ठेवू नका, चामडं दमट हवेतलं पाणी धरून ठेवतं. विदर्भातल्या मे महिन्यात शिंग कोरडं पडून तडकतं आणि कोकणातल्या पावसात फुगतं. दोन्हीकडे महिन्यातून एकदा खोबरेल तेलाचं बोट मुठीवर आणि पात्यावर फिरवा. बरेच दिवस बंद ठेवलेल्या शिंगाला कीड लागते. मुठीखाली बारीक भुसा दिसला तर लगेच कळवा. विमानप्रवासात सुरी हातातल्या बॅगेत चालत नाही, चेक-इनच्या सामानात नीट गुंडाळून ठेवा.

दुरुस्तीसाठी सुरी पाठवण्याआधी फोटो पाठवा: एक पूर्ण सुरीचा, एक बिघडलेल्या जागेचा जवळून, तिरप्या उजेडात. शेंबीपाशी फट असेल तर तिथे कागदाचा कोपरा सरकवून फोटो काढा, म्हणजे फट किती खोल आहे ते आम्हाला इथे बसून कळेल. मूठ सैल झाली असेल तर कधीही मोफत बसवून देऊ; धार पहिल्या वर्षी मोफत, नंतर नाममात्र दरात. कुरिअरचा खर्च येताना तुमचा, जाताना आमचा.