ट्रान्स ईपी

ट्रान्स ईपी म्हणजे ट्रान्स या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या दोन ते पाच रचनांचा, बहुधा एकाच निर्मात्याने काढलेला छोटा संच. एकाच गाण्याच्या ‘सिंगल’पेक्षा मोठा आणि अल्बमपेक्षा लहान. यातल्या रचना वेगवान असतात, साधारण मिनिटाला १३८ ते १४५ ठोक्यांच्या, आणि क्लबमधल्या डीजेने उचलून थेट वाजवाव्यात अशाच बांधलेल्या असतात. घरी निवांत बसून ऐकणाऱ्याला त्या लांबलेल्या आणि अर्धवट वाटतात. तो दोष नव्हे. पुढच्या-मागच्या गाण्याशी सांधा जुळला आणि समोर नाचणारे लोक आले, की त्या पूर्ण होतात.

ईपी हा शब्द तबकड्यांच्या काळातला. अमेरिकेत कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी लाँग प्ले तबकडी आणली, तर आरसीए व्हिक्टरने १९४९ मध्ये ४५ फेऱ्यांची सात इंची. पुढे १९५२ मध्ये आरसीएने त्याच सात इंचांत खाचा जवळजवळ कापून एकेका बाजूला साडेसात मिनिटांपर्यंतचे संगीत बसवले. ही ‘एक्स्टेंडेड प्ले’, म्हणजे ईपी. पण खाचा दाटीने कापल्या की आवाज लहान होतो आणि खर्ज पातळ पडतो. नृत्यसंगीताला हे परवडणारे नव्हते. १९७० च्या दशकात न्यू यॉर्कच्या टॉम मोल्टन या नृत्यगाण्यांचे मिक्स करणाऱ्याला एकदा नमुना कापून घ्यायला सात इंची कोरी तबकडी मिळाली नाही, म्हणून गाणे दहा इंचीवर पसरून कापले गेले. खाचांना जागा मिळाली, आवाज मोठा झाला, बास भरून आला. त्यातून बारा इंची सिंगल रूढ झाली आणि डीजेंचे ते मुख्य साधन बनले. आजच्या ट्रान्स ईपीचे नाव सात इंचीकडून आले आहे, पण तिचा पिंड बारा इंचीचा आहे. आता बहुतेक ईपी फक्त फाइलच्या रूपात निघतात, तरी रचना सात-आठ मिनिटांची ठेवण्याची सवय तिथलीच.

ट्रान्स हा प्रकार १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत, विशेषतः फ्रँकफर्टमध्ये, आकाराला आला. १९९० मध्ये निघालेली ‘एज ऑफ लव्ह’ ही रचना खऱ्या अर्थाने पसरली ती जॅम अँड स्पून या फ्रँकफर्टच्या जोडीने १९९२ मध्ये केलेल्या रीमिक्समुळे. ईपीत एखाद-दुसरा रीमिक्स ठेवण्यामागचे कारण इथे दिसते: मूळ रचनेइतकेच, कधी त्याहून अधिक, आयुष्य दुसऱ्याच्या हाताला मिळते. १९९६ मध्ये रोलंड कंपनीचा जेपी-८००० हा सिंथेसायझर आला. त्यातल्या ‘सुपरसॉ’ लहरीत किंचित बेसूर केलेले सात स्वर एकाच वेळी वाजतात आणि एकच सूर भिंतीएवढा रुंद ऐकू येतो. ट्रान्सची ओळख बनलेला तो भव्य स्वर हाच.

रचनेचे गणित साधे पण कडक आहे. चार ठोक्यांचा एक बार आणि बारांचे गट आठ, सोळा, बत्तीस असे. मिनिटाला १४० ठोके धरले तर एक ठोका सुमारे ०.४३ सेकंदांचा आणि बत्तीस बार सुमारे ५५ सेकंदांचे. सुरुवातीच्या या ५५ सेकंदांत बहुधा किक (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा जाड ठोका), टाळ्या आणि झांजाच असतात, सूर नसतो. कारण त्याच वेळी आधीच्या गाण्याचा शेवट वाजत असतो आणि दोन सूर एकमेकांवर आदळून चालत नाहीत. मध्यावर ‘ब्रेकडाउन’ येतो. किक थांबते, सूर उघडा पडतो, तो हळूहळू चढत जातो आणि किक परतते. द्रुत तीनतालात समेवर येण्याआधी श्रोता जसा श्वास धरतो, तसाच श्वास इथे फ्लोरवरचे शंभर जण एकदम धरतात. ट्रान्सचा जीव या क्षणात आहे. ज्या ईपीत हा क्षण घाईने उरकलेला असतो तिचा वेग कितीही असो, ती फुकट जाते.

सुरावट बहुधा मायनर स्केलमध्ये असते. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर आसावरी थाटाचे स्वर: गंधार, धैवत, निषाद कोमल. सायट्रान्स या सायकेडेलिक उपप्रकारात कोमल रिषभही येतो आणि मामला भैरवी थाटाकडे झुकतो. तिथे बासची चालही वेगळी असते. प्रत्येक ठोक्याचे चार भाग करून पहिल्यावर किक आणि उरलेल्या तिन्हींवर बास. १४५ च्या वेगात यातला प्रत्येक भाग सुमारे १०३ मिलिसेकंदांचा असतो. बास थोडा जरी लांबला तरी पुढच्या किकवर चढतो आणि सगळा चिखल होतो. म्हणून निर्माते बाकी सगळ्यापेक्षा जास्त वेळ या दोघांवर घालवतात. खर्जाचा भाग दोन्ही स्पीकरमध्ये एकसारखा, मोनो ठेवला जातो. तबकडीवर तो न ठेवल्यास सुई उडत असे, आणि क्लबमध्येही तसाच ठेवलेला बास घट्ट वाजतो.

भारतात या संगीताची वाट गोव्यातून आली. हणजुण्याच्या (इंग्रजीत अंजुना) किनाऱ्यावरचे डीजे उष्मा आणि धूळ यांमुळे तबकड्यांऐवजी डॅट, म्हणजे डिजिटल टेपच्या, कॅसेट वापरत. त्यांच्यावर वेग जुळवण्याची सोय नव्हती, म्हणून रचनांना लांब, ठोक्याविना सुरुवात-शेवट लागत. लंडनमध्ये २००० साली सुरू झालेल्या अंजुनाबीट्स या रेकॉर्ड कंपनीनेही नाव याच किनाऱ्यावरून घेतले.

नागपूरच्या कानाला सलग, जोरकस ठेका नवा नाही. दर्ग्यावर चंदनाचा लेप नेणाऱ्या मिरवणुकीला संदल म्हणतात. ताजबागच्या ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यामुळे तो शब्द इथे घराघरांत आहे आणि मिरवणुकीच्या वाद्यवृंदालाही तोच चिकटला. संदल किंवा धुमाल म्हटले की ढोल, ताशे, किबोर्ड आणि गाडीवर चढवलेले स्पीकर. लग्नाच्या वरातीत, गणपतीत तासन्‌तास न थांबता नाचणारा माणूस ट्रान्सच्या सात मिनिटांना घाबरत नाही. फरक ठोक्याच्या स्वभावात आहे. ताशा माणूस वाजवतो, त्यामुळे तो क्षणभर पुढे-मागे होतो. ट्रान्सची किक यंत्राची, ती तसूभर हलत नाही.

कार्यक्रमाला मात्र घड्याळ असते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर सामान्यतः ध्वनिक्षेपक लावता येत नाही. बंदिस्त सभागृहांना आतल्या आत वाजवण्यापुरती सवलत आहे. उघड्यावरच्या कार्यक्रमात ट्रान्स वाजायचे ते दहाच्या आत. रात्रभर हळूहळू वेग चढवत नेण्याची मुभा तिथे नसते. दोन तासांत शिखर गाठायचे तर पहिल्या बत्तीस बारांतच पकड घेणाऱ्या, वेगवान रचनांची ईपी अशा ठिकाणी हमखास उपयोगी पडते.

निर्मितीला आज लॅपटॉप, एक सॉफ्टवेअर आणि बरे हेडफोन पुरतात, त्यामुळे ईपी नागपूरच्या धरमपेठेतल्या किंवा मानेवाड्यातल्या झोपायच्या खोलीतही होऊ शकते. उन्हाळ्यात अडचण कूलरची. पारा ४५ अंशांपलीकडे गेल्यावर तो बंद ठेवता येत नाही, आणि त्याची घरघर नेमका खालच्या पट्टीतला आवाज झाकते. ‘जी’ (G) या स्वरात बांधलेल्या रचनेची किक ४९ हर्ट्‌झच्या आसपास असते. ती त्या घरघरीत ऐकू येत नाही म्हणून निर्माता ती वाढवत जातो, आणि क्लबच्या मोठ्या सबवूफरवर तीच किक सगळे गिळून टाकते. उपाय म्हणजे बासचे निर्णय कूलर बंद करून पहाटे घ्यायचे आणि मग गाडीत, छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर, शक्य असेल तर मंडपवाल्याच्या सेटअपवर वाजवून ताडून पाहायचे.

ताशाचे तुकडे अशा रचनेत बसवायचे झाल्यास सॉफ्टवेअरने प्रत्येक टिपरी १०३ मिलिसेकंदांच्या जाळीवर ओढून आणण्याचा मोह होतो. तसे केले की ताशा ताशा राहत नाही, डब्यासारखा वाजतो. प्रत्येक बारमधला पहिला आघात तेवढा किकशी जुळवावा आणि मधले वाजवणाऱ्याच्या हाताला सोडून द्यावेत.