दिल्लीत सम-विषम लागली तर महाराष्ट्राच्या गाडीचं काय? नियम, सवलती आणि जवळ ठेवायची कागदपत्रं

दिवाळीच्या आसपास दिल्लीची हवा बिघडली की सम-विषमची, म्हणजे एक दिवस सम आणि एक दिवस विषम क्रमांकाच्याच गाड्या चालू देण्याची, चर्चा सुरू होते आणि तिकडे राहणारे, तिकडे निघालेले लोक विचारू लागतात, "परवानगीचा अर्ज कुठे भरायचा?" उत्तर आधीच देऊन टाकतो. अर्ज नसतो. फॉर्म नाही, शुल्क नाही, पास नाही. कोणी एजंट "सम-विषमचा पास काढून देतो" म्हणाला तर त्याला चहासुद्धा पाजू नका. कोणाला सूट आहे हे सरकारी अधिसूचनेत लिहिलेलं असतं. तुम्ही त्यात बसता की नाही, हे चौकातला वाहतूक पोलीस तुमची गाडी, गाडीतली माणसं आणि हातातले कागद बघून जागेवर ठरवतो. त्यामुळे तयारी करायची ती कागदांची. अर्ज करावा लागतो तो वेगळ्याच गोष्टीसाठी, ते पुढे येईलच.

योजना कशी चालते

विषम तारखेला विषम क्रमांकाच्या, सम तारखेला सम क्रमांकाच्या खासगी चारचाकी रस्त्यावर. वेळ सकाळी ८ ते रात्री ८, रविवार मोकळा. कायद्याचा आधार मोटार वाहन कायद्याचं कलम ११५, ज्यानुसार राज्य सरकार ठरावीक वाहनांना ठरावीक काळासाठी मज्जाव करू शकतं.

ही कायमची योजना नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. पहिली फेरी १ ते १५ जानेवारी २०१६ ला झाली, दुसरी त्याच वर्षी १५ ते ३० एप्रिलला, तिसरी ४ ते १५ नोव्हेंबर २०१९ ला. तिसऱ्या फेरीत गुरू नानकांच्या ५५० व्या जयंतीसाठी ११ आणि १२ नोव्हेंबरला सूट दिली होती. २०१७ आणि २०२३ मध्ये योजना जाहीर झाली, पण अमलात आली नाही. प्रत्येक फेरीची अधिसूचना नवी, सवलतींची यादी नवी, दंडही वेगळा: २०१६ मध्ये २,००० रुपये, २०१९ मध्ये ४,०००. "मागच्या वेळी चाललं होतं" हा युक्तिवाद चौकात चालत नाही.

नियम बाहेरच्या राज्यांच्या गाड्यांनाही लागू असतो. एमएच पासिंग म्हणजे पाहुणा, पाहुण्याला सोडतील, अशा समजुतीत राहू नका.

हद्द मात्र दिल्लीचीच. गुरुग्राम आणि नोएडा त्यात येत नाहीत, विमानतळ येतो. गुरुग्रामचा मित्र तुम्हाला टर्मिनल ३ वर घ्यायला येणार असेल तर त्याच्या गाडीचा क्रमांक आधी विचारून घ्या. जयपूरकडून गाडी घेऊन येत असाल तर रात्री ८ नंतर दिल्लीत शिरण्याचा बेत आखा, गाडी मुक्कामाच्या जागी लावा आणि दुसऱ्या दिवशी मेट्रो धरा. कस्तुरबा गांधी मार्ग किंवा कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्र सदनात उतरलेल्यांना मंडी हाउस स्टेशन जवळ आहे, त्यांना गाडी काढायचं फारसं कारणही नाही.

कोणता अंक धरायचा

नोंदणी क्रमांकातला शेवटचा अंक. शून्य सम. महिना ३१ चा असेल तर ३१ आणि १ अशा लागोपाठ दोन विषम तारखा येतात, म्हणजे सम क्रमांकवाल्यांना सलग दोन दिवस घरी.

बीएच (भारत) मालिकेच्या, म्हणजे कोणत्याही राज्यात चालणाऱ्या क्रमांकाच्या, गाड्यांचा थोडा घोळ होतो. बदलीच्या नोकरीमुळे दिल्लीत असलेल्या बऱ्याच मराठी कुटुंबांकडे अशी गाडी आहे. तिच्या क्रमांकात आधी वर्ष, मग बीएच, मग चार अंक आणि शेवटी अक्षरं. ही मालिका २०२१ मध्ये आली, म्हणजे सम-विषमच्या शेवटच्या प्रत्यक्ष फेरीनंतर. पण अक्षर सम किंवा विषम असत नाही, तेव्हा त्या चार अंकांतला शेवटचा धरायचा. सुरुवातीच्या वर्षाच्या आकड्याकडे बघू नका.

सूट कोणाला, आणि ती सिद्ध कशी करायची

दुचाकींना आतापर्यंतच्या तिन्ही फेऱ्यांत सूट होती. ती गृहीत मात्र धरता येत नाही, कारण २०१७ ची फेरी नेमकी याच मुद्द्यावर बारगळली. राष्ट्रीय हरित लवादाने दुचाकी आणि महिला चालक यांना सवलत द्यायला नकार दिला आणि सरकारने योजनाच मागे घेतली. दिल्लीतल्या दुचाकींची संख्या बघता दुसरा मार्गही नव्हता. एवढ्या लोकांना मेट्रो आणि बसमध्ये कोंबणार कुठे?

महिलांची सवलत सगळ्यांना ठाऊक असते, पण तिच्या अटी नसतात. गाडी बाई चालवत असेल आणि ती एकटी असेल, किंवा बरोबर फक्त बायकाच असतील, किंवा १२ वर्षांपर्यंतचं मूल असेल, तरच सूट. शेजारी नवरा बसला की सूट संपली. दादा चौदा वर्षांचा असेल तरी संपली. मूल उंच असेल तर त्याच्या आधार कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या, उगाच हुज्जत नको.

शाळेचा गणवेश घातलेली मुलं गाडीत असतील तर २०१९ मध्ये सूट होती. ही सूट मुलांमुळे मिळते, गाडीला नाही. मुलांना सोडून रिकामी गाडी परत नेताना ती तुमच्या कामाची नाही. सकाळची शाळा ८ च्या आत गाठली तर जाताना प्रश्नच येत नाही, खरी अडचण दुपारी आणायला जाताना होते.

दिव्यांग व्यक्ती गाडी चालवत असेल किंवा गाडीत बसलेली असेल तर सूट. यासाठी यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) जवळ असलेलं बरं. ते नसेल तर जिल्हा रुग्णालयाचं प्रमाणपत्र मूळ प्रतीत ठेवा. वैद्यकीय तातडीची सूट विश्वासावर दिली जाते. रुग्णालयाचा कागद, अपॉइंटमेंटचा मेसेज, डिस्चार्ज कार्ड यांपैकी काहीतरी दाखवता आलं पाहिजे. एम्समध्ये दाखवायला महाराष्ट्रातून गाडी करून गेलेल्यांनी रुग्णाची फाइल डिकीत नाही, हाताशी ठेवावी.

विजेवरच्या गाड्यांना २०१९ मध्ये सूट होती आणि त्यांची हिरवी नंबरप्लेट हाच पुरावा. सीएनजीची कथा निराळी. २०१६ मध्ये सीएनजी गाड्यांना सूट होती. इंद्रप्रस्थ गॅसच्या पंपावर आरसी (गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र) दाखवून स्टिकर घ्यायचं आणि काचेवर लावायचं. स्टिकरचा गैरवापर झाला असं सांगत २०१९ मध्ये खासगी सीएनजी गाड्यांची सूट काढून टाकली. त्यामुळे जुनं स्टिकर मिरवण्यात अर्थ नाही. बाहेरून किट बसवलेली असेल आणि आरसीवर तिची नोंद नसेल, तर कुठल्याच फेरीत तुम्ही सीएनजीवाले ठरत नाही.

मोठ्या पदांची यादी लांबलचक आहे: राष्ट्रपती, पंतप्रधान, सरन्यायाधीश, राज्यपाल वगैरे. त्यातला गमतीचा भाग असा की इतर राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना सूट होती, पण दिल्लीच्या मुख्यमंत्र्यांनी स्वतःला आणि आपल्या मंत्र्यांना सूट ठेवली नाही. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांची गाडी चालली असती, यजमानांची अडली असती.

खरा अर्ज इथे करावा लागतो

क्रमांकावर आधारलेली कोणतीही बंदी राबवायची तर क्रमांक वाचता आला पाहिजे. ४१४१ ला "दादा" करणाऱ्या आणि वळणदार मराठी आकड्यांच्या पाट्या आपल्याकडे कौतुकाच्या असल्या तरी त्या नियमबाह्यच आहेत, आणि दिल्लीत त्यांच्यासाठी वेगळी पावती फाटेल. १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट, म्हणजे एचएसआरपी, विक्रेत्याकडूनच लागून येते. त्याआधीच्या गाडीसाठी स्वतः अर्ज करावा लागतो.

महाराष्ट्रात परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर एचएसआरपीचा दुवा आहे. तिथे आधी आपलं आरटीओ कार्यालय निवडायचं, कारण राज्याचे विभाग पाडून कामाचे ठेके वेगवेगळ्या कंपन्यांना दिले आहेत. मग गाडीचा क्रमांक, चॅसिस आणि इंजिन क्रमांकाचे शेवटचे ५ अंक आणि मोबाइल क्रमांक भरायचा. हे सगळं आरसीवर असतं. ओटीपी आला की जवळचं केंद्र, तारीख आणि वेळ निवडायची आणि शुल्क ऑनलाइन भरायचं. दुचाकीला ४५०, तीनचाकीला ५००, चारचाकीला ७४५ रुपये, वर जीएसटी. ठरलेल्या दिवशी गाडी, आरसी आणि शुल्काची पावती घेऊन जायचं. नाव किंवा क्रमांक आरसीशी जुळत नसेल तर आधी आरटीओत दुरुस्ती करून घ्या, नाहीतर केंद्रावरून हात हलवत परत यावं लागतं.

चारचाकीला प्लेटबरोबर समोरच्या काचेवर आतून लावायचं रंगीत स्टिकरही मिळतं. ते मागून घ्या, कारण दिल्लीत ते बघतात. पेट्रोल आणि सीएनजीला फिकट निळं, डिझेलला केशरी, बाकीच्यांना राखाडी. बीएस-६ (बीएस म्हणजे भारत स्टेज, गाडीच्या धुराचं मानक) गाडीच्या स्टिकरवर वरच्या कडेला हिरवी पट्टी. डिझेलची गाडी लांबून ओळखता यावी, यासाठीच हे रंग २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर ठरले.

सम-विषम नसतानाही गाडी अडू शकते

माझ्या मते बाहेरून येणाऱ्यांनी सम-विषमपेक्षा याची चिंता जास्त करावी. हवा बिघडत जाईल तसे टप्प्याटप्प्याने निर्बंध लावणारी योजना एनसीआरमध्ये, म्हणजे दिल्ली आणि आसपासच्या परिसरात, आहे, तिला ग्रॅप म्हणतात. हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक (एक्यूआय) ४०० च्या वर गेला की तिसरा टप्पा, ४५० च्या वर चौथा. तिसऱ्या टप्प्यात बीएस-३ पेट्रोल आणि बीएस-४ डिझेल चारचाकींना दिल्लीसह गुरुग्राम, फरिदाबाद, गाझियाबाद आणि गौतम बुद्ध नगरमध्ये (नोएडाचा जिल्हा) बंदी असते, दंड २०,००० रुपये. इथे तारीख, अंक, बाई-पुरुष काही बघत नाहीत. दिव्यांगांच्या स्वतःच्या वापरासाठी बदल केलेल्या गाडीला तेवढी सूट आहे.

आपली गाडी कोणत्या मानकाची, हे आरसीवर किंवा परिवहनच्या संकेतस्थळावर दिसतं. फक्त वर्षावरून अंदाज बांधू नका. बीएस-४ देशभर एप्रिल २०१७ पासून सक्तीचं झालं, पण २०१० मध्येच ते १३ शहरांत लागू झालं होतं आणि त्यांत मुंबई, पुणे आणि सोलापूर होतं. त्यामुळे २०१४ ची पुणे पासिंगची पेट्रोल गाडी बीएस-४ असेल, तर त्याच वर्षाची कोल्हापूर पासिंगची गाडी बीएस-३ असू शकते.

पीयूसी, म्हणजे प्रदूषण तपासणीचं प्रमाणपत्र, ताजी हवीच. बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना ती एक वर्ष चालते, जुन्यांना सहा महिने. महाराष्ट्रात काढलेली दिल्लीत चालते, पण नसेल तर १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. निघण्याआधी इथेच काढून घ्या. आरसी, लायसन्स, विमा आणि पीयूसी डिजीलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमध्ये असतील तर छापील प्रतींइतक्याच ग्राह्य धरल्या जातात. तरी फोनची बॅटरी संपते, म्हणून डॅशबोर्डच्या कप्प्यात झेरॉक्स असू द्या.

चलान झालंच तर

सिग्नलवर फलक घेऊन उभे असलेले स्वयंसेवक विनंती करतात, चलान करण्याचा अधिकार त्यांना नाही. पोलीस किंवा परिवहन विभागाच्या अधिकाऱ्याने केलेलं चलान गाडीच्या क्रमांकावर चढतं आणि नागपूरला परत गेलात तरी तिथेच राहतं. ते परिवहनच्या ई-चलान पानावर गाडीचा किंवा चलानचा क्रमांक टाकून बघायचं आणि तिथेच भरायचं. मेसेजमधल्या दुव्यावरून भरू नका. अशा बनावट मेसेजांनी फसलेले बरेच आहेत. सूट असूनही चलान झालं असेल तर घाईने पैसे भरू नका, कारण भरलं म्हणजे मान्य केलं. त्या दिवसाचा रुग्णालयाचा कागद किंवा दिव्यांग प्रमाणपत्र जपून ठेवा आणि प्रकरण आभासी (ऑनलाइन) न्यायालयात गेल्यावर दंड भरण्याऐवजी आव्हान देण्याचा पर्याय निवडा.