मे महिन्यातला हिरवा पट्टा

नवतपा चालू होता. पारा ४५ च्या पुढे, गच्चीवर अनवाणी पाऊल टाकायची सोय नाही. वाळत घातलेल्या कुरडया गोळा करायला दुपारी चारला वर गेलो आणि कूलरपाशी पाय असा सरकला की परात खाली आणि मी कठड्याला लोंबकळलेला. कुरडयांचा चुरा वेचता वेचता मग नीट पाहिलं. कूलरच्या टाकीला बारीक गळती लागली होती. तिथून निघालेली पाण्याची रेघ गच्चीच्या पाइपपर्यंत गेली होती आणि तिच्या दोन्ही अंगांना वीतभर रुंद, गर्द हिरवा, बुळबुळीत पट्टा धरला होता. पट्ट्याच्या पलीकडे दोन बोटांवर गच्ची कोरडीठाक, काळपट.

आपल्याकडे सगळे धरून चालतात की शेवाळ पावसाळ्यात येतं आणि नागपूरचा उन्हाळा त्याला जाळून टाकतो. त्या पट्ट्याला हे कोणी सांगितलेलं दिसत नव्हतं. त्याला फक्त पाणी हवं होतं. पाणी उडून जाताना जागा थंडही ठेवतं, त्यामुळे ४५ अंशांतही त्याचं छान चाललं होतं.

नागपुरात वर्षाला साधारण ११०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. कोकणासारखी लांबलेली ओल इथे नाही. म्हणून इथलं शेवाळ चार महिने जगतं आणि आठ महिने झोपतं. मेलेलं आणि झोपलेलं शेवाळ दिसायला सारखंच असतं, आणि गच्ची साफ करताना आपण जे चुकतो ते बहुतेक इथेच.

मुळात आपण ज्याला सरसकट शेवाळ म्हणतो ते एक नसतं. गच्चीवर जो काळा थर दिसतो तो धूळ किंवा धूर वाटतो, पण तो बऱ्याच अंशी जिवंत असतो. ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणारे जिवाणू. त्यांतला स्कायटोनेमा आपल्या आवरणात स्कायटोनेमिन नावाचं पिवळट तपकिरी रंगद्रव्य साठवतो. हे रंगद्रव्य अतिनील किरण शोषून घेतं. थरावर थर चढले की रंग काळा दिसतो. जुन्या देवळांच्या शिखरांवर पावसाचे काळे ओघळ दिसतात, त्यांतही याच मंडळींचा मोठा हात असतो. याच गटातला नॉस्टॉक तुम्ही नक्की पाहिला असेल. रात्रभर पाऊस झाला की सकाळी कोपऱ्यात जेलीसारखे हिरवट गोळे फुगलेले असतात आणि ऊन पडलं की त्यांचा कागदासारखा पापुद्रा होतो. वाळवून संग्रहात ठेवलेला नॉस्टॉक शंभर वर्षांनंतर पाणी मिळाल्यावर पुन्हा वाढू लागल्याची नोंद आहे. त्याच्यापुढे आपला आठ महिन्यांचा कोरडा काळ म्हणजे दुपारची डुलकी.

मखमली गादीसारखी दिसते ती मॉस. ही खरी वनस्पती, पण मुळं नसलेली. खालचे केसासारखे धागे फक्त जागा धरून ठेवतात, पाणी ती सगळ्या अंगानं पिते. एप्रिलमध्ये कठड्याच्या सांधीतला तपकिरी, चुरगळलेला गोळा शोधा, त्यावर ड्रॉपरने चार थेंब टाका आणि भिंग लावून बसा. आपल्याकडच्या भिंतींवर सर्रास वाढणाऱ्या ह्योफिला या मॉसची पानं कोरडी असताना आत गुंडाळून घेतलेली असतात. पाणी लागलं की ती एकेक करून उलगडतात आणि बघता बघता गोळ्याची हिरवी चांदणी होते. शेजारचे पोट्टे हा खेळ बघायला एकदा आले ते पुन्हा पुन्हा येत राहिले.

आणि करडे, पांढरट, चिकटून बसलेले ठिपके दिसले तर ते दगडफुलाचे भाऊबंद. बुरशी आणि शैवाल यांचा हा एकत्र संसार. सावजी रस्श्यात पडतं ते दगडफूल याच गटातलं, पण गच्चीवरचं खरवडून मसाल्यात घालायचा विचार करू नका.

नवीन स्लॅबवर पहिली दोन-चार वर्षं यातलं फारसं काही दिसत नाही. त्याचं श्रेय ठेकेदाराला देऊ नका. ताजं काँक्रीट प्रचंड अल्कधर्मी असतं, त्याचा पीएच १२ ते १३. त्यावर सहसा काही टिकत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू वरच्या थरातल्या चुन्याशी संयोग पावतो आणि पृष्ठभागाचा पीएच नऊच्या आसपास उतरतो. पावसाने सिमेंटची साय धुपून खडबडीतपणाही आलेला असतो. ओल धरायला जागा, बसायला धूळ, आणि पीएच सोसवेल असा. मग बीजाणू वाऱ्यावर येतच असतात.

हे सगळं स्लॅब फोडतं का? लोक घाबरतात तितकं नाही. मॉसमुळे छपराला तडे जातात असं सांगणारे व्हिडिओ बहुधा बर्फाच्या देशांतले असतात. तिथे मॉसमध्ये साठलेलं पाणी गोठून फुगतं. नागपुरात ते होत नाही. इथे होतं ते वेगळंच. मॉसची गादी पाइपच्या तोंडाशी पाणी अडवते, ओल टिकवते, धूळ धरते, आणि त्या धुळीत पक्ष्याच्या विष्ठेतून आलेलं पिंपळाचं बी रुजतं. पिंपळ मात्र खरंच भिंत फोडतो. दुसरं म्हणजे काळा थर ऊन जास्त शोषतो, आणि आपल्या गावात वरच्या मजल्यावर झोपणाऱ्याला त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. आणि तिसरं, पाय घसरणं. या जिवांभोवती साखरेच्या लांब साखळ्यांचा चिकट थर असतो. तो कोरडेपणात त्यांचा जीव राखतो. ओला झाला की आपला घेऊ शकतो.

आता साफसफाई. दर वर्षी कोणीतरी येऊन सांगतं, "भाऊ, ॲसिड मारून देतो ना, पाच मिनिटात चकाचक." चकाचक होते हे खरं. संडास धुवायच्या ॲसिडमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. ते शेवाळासोबत त्याच्या खालचं सिमेंटही खातं, तेच फसफसताना दिसतं. गच्ची उजळते कारण तिची कातडी सोलली गेलेली असते. वरून क्लोराइड स्लॅबमध्ये मुरून आतल्या सळ्यांना गंज चढवायला मदत करतं. आणि सोललेल्या खरबरीत जागेवर पुढच्या पावसाळ्यात शेवाळ आणखी जोमानं बसतं.

एकदा याहून वाईट झालं. कामावरच्या माणसाने एका कोपऱ्यात ब्लीचिंग पावडर टाकली होती. ती पुरेशी काम करेना म्हणून त्याने वरून ॲसिड ओतलं. पिवळट हिरवी वाफ उठली आणि तो खोकत खोकत जिन्याकडे पळायला लागला. मी त्याला ओरडून उलट्या बाजूला, वाऱ्याकडे तोंड करून बोलावलं. क्लोरीन हवेपेक्षा जड असतो. तो जिन्यातून आपल्या मागोमागच खाली उतरतो आणि खालच्या खोल्यांत साठतो. पहिल्या महायुद्धात, २२ एप्रिल १९१५ ला, बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणावर जर्मनांनी सोडलेला वायू हाच, तो खंदकांत उतरला तो याच जडपणामुळे. ब्लीचमध्ये ॲसिड नाही, व्हिनेगर नाही, अमोनिया असलेलं क्लीनर नाही. ब्लीचसोबत फक्त पाणी.

घाईत लोक दुसरी गोष्ट करतात ती उन्हाळ्यात कोरडी मॉस खराट्याने झाडणं. मॉसचा तुटलेला तुकडाही नवं रोप होऊ शकतो. म्हणजे आपण गच्चीभर पेरणी करून मृगाची वाट बघत बसतो. प्रेशर वॉशरचंही मला कौतुक नाही. जुन्या स्लॅबवर तो सिमेंटची साय उडवतो आणि तडा असेल तिथे पाणी आत दाबतो.

शेवाळ जागं असताना मारायचं आणि मेल्यावर काढायचं, हा क्रम. पावसाळ्यात पोळ्याच्या आगेमागे दोन-तीन दिवसांची उघडीप मिळते, ती चांगली. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आणि मारबत, म्हणजे इडापिडा गावाबाहेर काढायची पुतळ्यांची मिरवणूक. पण 'घेऊन जा गे मारबत' म्हणून शेवाळ जात नाही, मी ओरडून पाहिलंय. थर वाळलेला असेल तर आधी पाणी मारून अर्धा तास भिजू द्यायचा, कारण कोरडा पापुद्रा औषध आत घेत नाही. प्लॅस्टिकच्या बादलीत १० लिटर पाण्याला १५० ते ३०० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर ढवळायची. वर्षभर उघड्या पडलेल्या पाकिटातला क्लोरीन उडून गेलेला असतो, ते वापरून काही होत नाही. गाळ खाली बसला की वरची निवळी घ्यायची आणि झारीने टाकायची. वेळ संध्याकाळची. कडक उन्हात पावडरीतलं शेवाळ मारणारं हायपोक्लोराइट लवकर मोडतं आणि थरात शिरण्याआधीच पाणी सुकतं. पंधरा-वीस मिनिटांत हिरवा रंग उतरून पिवळट पांढरा होतो. तो क्लोरोफिल मोडल्याचा रंग. इथे लोक फसतात आणि लगेच घासायला घेतात. रंग गेला म्हणजे तळापर्यंत जीव गेला असं नसतं. भरपूर पाण्याने धुवा, दोन दिवस वाळू द्या, मग खराट्याने काढा, आणि जाड थर असेल तर पुन्हा एक हात द्या.

त्याआधी टाकीची झाकणं घट्ट, पावसाचं पाणी विहिरीत किंवा जमिनीत सोडणारा पाइप तात्पुरता तोडलेला, तुळस नि कुंड्या बाजूला. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे, पायात खाचांच्या तळव्याचे बूट, घासलेली रबरी चप्पल नाही. सोलरच्या ॲल्युमिनियम फ्रेमवर शिंतोडे नकोत. सुरुवात दूरच्या कोपऱ्यातून, शेवट जिन्याच्या दाराशी, म्हणजे आपणच ओल्या केलेल्या जागेवरून परत यावं लागत नाही. कठडा गुडघ्याएवढा असेल तर कडेचा हातभर पट्टा लांब दांड्याने. आणि घरात कोणाला तरी सांगून वर जायचं.

कवेलूच्या घराची गोष्ट निराळी. मंगलोरी कौलांचा कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये काढला, त्याच्या आधीपासून आपल्याकडे कुंभाराचे अर्धगोल कवेलू होतेच. भाजलेली माती पाणी पिते म्हणून त्यावर मॉस हमखास. पण जुने लोक पावसाळ्याआधी शाकारणी करताना कवेलू उतरवून, झटकून, उलटून पाहून पुन्हा बसवत, आणि मॉसचा बंदोबस्त त्यातच होऊन जाई. वर चढून घासण्यापेक्षा आजही तेच बरं. भिजलेल्या कवेलूवर माणसाचा भार टाकणं म्हणजे कवेलू आणि माणूस दोघांची परीक्षा.

सिमेंटच्या जुन्या पत्र्यांना मात्र हात लावू नका. त्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. घासणं, खरवडणं, प्रेशरने धुणं, या सगळ्यात ते सुटतात आणि फुप्फुसात गेले की तिथेच राहतात. शिवाय जुना पत्रा पायाखाली कडकन फुटतो. त्यावर शेवाळ आहे तर असू द्या.

एक गंमत सांगतो. झिंक चढवलेल्या लोखंडी स्टँडवरून किंवा वीजरोधकाच्या तांब्याच्या पट्टीवरून पाणी ओघळतं, तिथे खाली काळ्या भिंतीवर स्वच्छ उजळ रेघ असते. पाण्यासोबत सुटणारे तांब्या-जस्ताचे सूक्ष्म अंश शेवाळाला सोसत नाहीत. संत्र्याच्या बागवाल्याला हे वेगळ्या वाटेने ठाऊक आहे. झाडाच्या बुंध्याला तो बोर्डो मलम लावतो, म्हणजे मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुना. फ्रान्समध्ये मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने द्राक्षावरच्या रोगासाठी हे मिश्रण १८८५ मध्ये जाहीर केलं, आणि आपल्या बागांत ते अजून चालतं. मग गच्चीवरही मोरचूद ओतावं का? मी ओतणार नाही. गच्चीवरून ते पावसासोबत नालीत, विहिरीत, तलावात जातं, आणि मासे तांब्याला फार नाजूक असतात. टिनाच्या पत्र्यावर तर ते जस्ताचा थरच खातं.

त्यातला चुना मात्र घ्यावा. उन्हाळ्याच्या तोंडावर गच्चीला चुना मारायची पद्धत आपल्याकडे आहेच, ऊन परतवण्यासाठी. तोच चुना पृष्ठभागाचा पीएच पुन्हा बाराच्या वर नेतो, म्हणजे गच्चीला काही काळ नव्या स्लॅबचं वय देतो. फक्त तो मेलेल्या, झाडलेल्या थरावर मारायचा. जिवंत मॉसवर मारलेला चुना जुलैत पापुद्र्यासारखा सुटून येतो. कळीचा चुना विरवताना पाणी उकळतं, डोळे सांभाळा.

आणि हे सगळं करूनही उतार चुकला असेल तर शेवाळ त्याच जागी परत येतं. पावसाळ्यात मोठी सर गेल्यावर दुसऱ्या दिवशी जिथे डबकं उरलं असेल त्याभोवती रंगीत खडूने रेघ मारा आणि फोटो काढून ठेवा. मिस्त्री आला की तोंडी वाद घालत बसावं लागत नाही. मीटरला निदान एक सेंटीमीटर उतार पाइपकडे हवा, आणि पाइपच्या तोंडाशी सगळ्यात जास्त.

आमच्या कूलरच्या टाकीला दहा मिनिटांत एम-सील लागलं. उरलेल्या गळतीला नळी जोडून ती लिंबाच्या कुंडीत सोडली. आठवडाभरात पट्टा हिरव्याचा तपकिरी आणि मग काळा झाला. मुद्दाम घासला नाही. काल सकाळी त्यावर चमचाभर पाणी टाकून चहा घेऊन बसलो. कप रिकामा होईतो कडेला हिरवं दिसायला लागलं होतं.