काळ्या रानातलं अंगण आणि कमी कटकटीची झाडं

सांगली-मिरजेकडं बंगला बांधला की पुढं फरशीचं अंगण आलंच, आणि वास्तुशांत झाली की लगेच नर्सरीतनं टेम्पोभर झाडं येतात, गुलाब, अनंत, जास्वंद, लॉन सगळंच, मग मे उजाडेपर्यंत त्यातली बरीचशी वाळतात आणि बोल लागतो उन्हाला. ऊन नंतर बघू, आधी माती बघा.

कृष्णाकाठची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. तिच्यातल्या चिकणकणांना अतिबारीक पापुद्रे असतात, पाणी त्या पापुद्र्यांच्या मधे शिरतं, म्हणून असं होतं. उन्हाळ्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यानंच, अंगणातली फरशी वरखाली होते तीपण यानंच, आणि भेग पडताना झाडाची बारीक मुळं तटातट तुटतात ते तर दिसतही नाही. पावसाळ्यात उलटी गत, पाण्याचा निचरा नाही, मुळांना हवा नाही, मुळं कुजतात. फरशीखाली मुरूम नीट दाबून घ्या, मीटरला १ ते २ सेंटीमीटर उतार घरापासनं बाहेर काढा आणि कडेचे वाफे वीतभर उंच करा, खर्च होतो पण एकदाच.

अनंताचा मात्र नाद सोडा, फारच हौस असेल तर कुंडीत लावा. आपल्या मातीत चुना जास्त, त्यात लोह असूनही ते विरघळत नाही, मग नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असं होतं, त्यात बोअरचं जड पाणी घातलं की अजून भर.

मग लावायचं काय? पुणे-बंगळूर हायवेनं साताऱ्याकडं जाताना दुभाजकात बघा, कण्हेर आणि बोगनवेल, धूर खातात, ऊन खातात आणि तरी फुलतात. कण्हेरीचं पान उलटं करून भिंगातनं बघितलं तर बारीक बारीक खड्डे दिसतात, पानाची श्वासाची छिद्रं त्या खड्ड्यांच्या तळाशी आणि वर लव, त्यामुळं वारा थेट छिद्राला लागत नाही आणि पाणी कमी उडतं. फक्त ती पानापासनं मुळापर्यंत विषारी आहे, घरात रांगतं मूल किंवा गुरं असतील तर लावूच नका.

बोगनवेलीचं एक गुलाबी फूल तोडून उकलून बघा. ते फूल नाहीच, तीन रंगीत पानं आहेत आणि प्रत्येक पानाच्या मधल्या शिरेला एक पांढरट नळी चिकटलेली असते, ते खरं फूल. रंगीत पान कागदासारखं असल्यानं आठवडेच्या आठवडे टिकतं. आणि हिला पाणी जास्त दिलं की नुसता पाला वाढतो, ताण दिला की बहरते, म्हणजे आळशी माणसासाठीच जणू! काटे असतात, जायच्या-यायच्या वाटेवर नको.

देवचाफा पाण्याची तंगी आली की पानंच टाकून देतो आणि जाड फांद्यांतल्या ओलाव्यावर काढतो. झाड मेलं म्हणून लोक उपटतात, उपटू नका.

कोरफड, स्नेक प्लांट, पानफुटी यांची तर तऱ्हाच निराळी, ही झाडं आपली श्वासाची छिद्रं रात्री उघडतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा छिद्रं बंद ठेवून त्यातनं अन्न करतात. बेंजामिन हाइन नावाचा वनस्पतीतज्ज्ञ भारतात कंपनी सरकारच्या नोकरीत होता, त्यानं पानफुटीची पानं चाखून सकाळी आंबट आणि दुपारी बेचव लागतात हे १८१३च्या सुमारास कळवलं होतं, कारण कळायला पुढं शंभरावर वर्षं गेली. (तुम्ही चाखायला जाऊ नका, गुरांना ती बाधते.)

लावणी जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर, म्हणजे मुळं हिवाळ्याआधी खोल जातात. पहिला उन्हाळा मात्र पाणी द्यावंच लागतं, रोज शिंपडा मारण्यापेक्षा आठवड्यातनं एकदा भरपूर, नाहीतर मुळं वरच रेंगाळतात. आणि वाफ्यावर उसाचं पाचट चार बोटं जाड पसरा, आपल्याकडं त्याला काय तोटा, बाष्पीभवन कमी होतं, तणाचं बी सावलीत दबतं, फक्त लव्हाळा त्यालाही जुमानत नाही, तो गाठीसकट खणूनच काढायचा. पाचट खोडाला चिकटवू नका आणि घराच्या भिंतीला टेकवू नका, वाळवीला आमंत्रण नको.