तेरा मीटरांचा हिशेब

वस्तीतल्या रस्त्यावर कडेला उभ्या असलेल्या दोन गाड्यांच्या फटीतून एक माणूस अचानक पुढे येतो आणि समोरून येणारी मोटार त्याच्यापासून जेमतेम 14 मीटरांवर असते, अशी कल्पना करू. मोटारीचा वेग ताशी 30 किलोमीटर असेल, तर ती सेकंदाला सुमारे 8.3 मीटर पुढे सरकत असते. माणूस दिसणे, धोका उमगणे आणि पाय ब्रेकवर पडणे यांत एक सेकंद गेला असे धरले (अनेक चालकांना दीड सेकंदही लागतो), तरी कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकची मोटार त्यानंतर साधारण 5 मीटरांत थांबते. एकूण अंतर होते 13 मीटरांच्या आसपास, म्हणजे धडक टळते, अगदी थोडक्यात का होईना. आता तीच मोटार ताशी 50 किलोमीटर वेगाने येत आहे असे समजा. चालकाचा पाय ब्रेकपर्यंत पोहोचण्याच्या त्या एका सेकंदातच ती जवळजवळ 14 मीटर कापते. पहिली मोटार जिथे थांबली, तिथे दुसरीचे ब्रेक लागायलाही सुरुवात झालेली नसते आणि माणसाला बसणारी धडक पूर्ण वेगाची असते.

गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे 30 वरून 50 वर जाताना वेग पावणेदोन पटींहूनही कमी वाढला, तरी ऊर्जा सुमारे 2.8 पट होते. उंचीच्या भाषेत सांगायचे, तर वरून पडणाऱ्या वस्तूला ताशी 30 किलोमीटर वेग येण्यासाठी साडेतीन मीटरांची उंची पुरते आणि ताशी 50 किलोमीटरसाठी जवळजवळ दहा मीटर लागतात. पहिल्या मजल्यावरून पडणे आणि तिसऱ्या मजल्यावरून पडणे यांत जो फरक, तोच साधारण या दोन धडकांत आहे. रस्ता सुरक्षेवरील जागतिक मंत्रिपरिषदेच्या फेब्रुवारी 2020 मधील स्टॉकहोम जाहीरनाम्यात, जिथे पादचारी, सायकलस्वार आणि वाहने वारंवार एकत्र येतात तिथे कमाल वेग ताशी 30 किलोमीटर असावा असे म्हटले आहे.

वेगाचा आणखी एक परिणाम सहसा चर्चेत येत नाही. येणारी गाडी किती वेगाने जवळ येत आहे, हे आपला डोळा प्रामुख्याने तिची प्रतिमा किती झपाट्याने मोठी होते यावरून ओळखतो. आपल्यापर्यंत पोहोचायला पाच सेकंद उरले असताना 30 च्या वेगाची गाडी सुमारे 42 मीटरांवर असते, तर 50 च्या वेगाची सुमारे 69 मीटरांवर. दूर असल्यामुळे वेगवान गाडीची प्रतिमा त्या क्षणी उलट अधिक संथपणे मोठी होत असते. म्हणजे जी गाडी अधिक धोक्याची, तीच डोळ्यांना अधिक निवांत भासते, आणि लहान मुले इथे मोठ्यांपेक्षा लवकर फसतात. अशा वेळी ‘बघून रस्ता ओलांडा’ हा उपदेश अपुरा पडतो, असे मला वाटते.

वेगमर्यादेची पाटी लावणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, पण रुंद, सरळ आणि मोकळा रस्ता चालकाला पाटीच्या नेमके उलट सांगत असतो. म्हणून रस्त्याचा आकारच बदलावा लागतो. गतिरोधक हे त्याचे सर्वपरिचित रूप, आणि सर्वांत जास्त बिघडवले गेलेलेही. प्रकाशाच्या कणरूपावर शिक्कामोर्तब करणाऱ्या संशोधनासाठी 1927 साली नोबेल मिळवणारे आर्थर कॉम्प्टन यांनी 1953 मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रस्त्यांसाठी असे उंचवटे आखले होते. अरुंद, टोकदार उंचवट्यावरून गाडी हळू नेली तर आतल्या माणसांना जोराचा हिसका बसतो. मात्र भरधाव नेली, तर चाक क्षणात वर-खाली होते, तो धक्का टायर आणि स्प्रिंग पचवतात आणि गाडीचा सांगाडा फारसा हलत नाही. थोडक्यात, असा गतिरोधक सावकाश जाणाऱ्यालाच शिक्षा करतो! 1970 च्या दशकात ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेत झालेल्या चाचण्यांतून सुमारे 3.7 मीटर लांबीचा आणि 10 सेंटीमीटर उंचीचा गोलाकार उंचवटा पुढे आला. त्याची लांबी मोटारीच्या दोन आसांमधील अंतरापेक्षा जास्त असल्यामुळे सगळी गाडीच त्यावर चढते व उतरते आणि वेग वाढेल तशी अस्वस्थता वाढत जाते. दोन उंचवट्यांमधले अंतर फार ठेवले, तर चालक मधल्या पट्ट्यात पुन्हा वेग घेतो, आवाज आणि धूर वाढतो, आणि रहिवासी वैतागून तो उंचवटाच उखडायची मागणी करतात. रुग्णवाहिकांचा आक्षेपही रास्त आहे; त्यावर तोडगा म्हणून उंचवट्याची रुंदी इतकीच ठेवतात की रुग्णवाहिकेची एकमेकांपासून जास्त अंतरावर असलेली चाके त्याच्या दोन्ही बाजूंनी सपाट निघून जातील, मोटारीचे मात्र एक तरी चाक वर चढेल.

उंचवट्यावाचूनही वेग उतरवता येतो. नेदरलँड्समधील डेल्फ्ट शहरात 1960 च्या दशकाच्या अखेरीस काही निवासी गल्ल्यांत झाडे, बाके आणि वळणे अशी मांडली गेली की चालकाला समोर लांबवर मोकळी वाट दिसूच नये. या रस्त्यांचे डच नाव ‘वोनर्फ’, म्हणजे जवळपास ‘राहते अंगण’, आणि 1976 मध्ये त्यांना कायद्याची मान्यता मिळाली. चौकातल्या कोपऱ्याची गोलाई कमी करणे हा तर दिसायला किरकोळ बदल आहे. वळताना आरामात पेलणारा वेग त्रिज्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे वळणाची त्रिज्या 20 मीटरांवरून 5 मीटरांवर आणली की तो वेग निम्मा होतो, शिवाय पादचाऱ्याला ओलांडायचा पट्टाही आखूड होतो.

या सगळ्यात वाहनाचा किती वेळ जातो? तीनशे मीटरांची गल्ली ताशी 50 ऐवजी 30 च्या वेगाने पार केली, तर सुमारे 14 सेकंद जास्त. गल्लीच्या तोंडाशी पदपथ आहे त्याच उंचीवर सलग पुढे नेला, तर त्यातले काही सेकंद तिथेच खर्च होतात. कारण मग पादचाऱ्याला खाली उतरावे लागत नाही, मोटारीलाच त्याच्या पातळीवर चढावे लागते.